पहाटे पिकअप सुरू होत नाही, लावलेला ब्लॉक हीटर दुसऱ्याच दिवशी जळाला. दुसरा बसवू का?

मोथ्याचा_दूधवाला
२१ डिसेंबर, रात्री ९.४०

राम राम मंडळी. चिखलदऱ्याजवळ मोथ्याच्या पुढे माझं गाव. दोन वस्त्यांवरच्या गवळ्यांचं दूध पहाटे गोळा करून परतवाड्याला पोचवतो. तिथलं संकलन साडेसहाला बंद होतं. त्यानंतर पोचलं तर दूध परत आणायचं आणि खवा आटवायचा, म्हणजे लाकूड गेलं, दिवस गेला आणि भावही गेला.

गाडी २०१४ ची पिकअप, अडीच लिटर टर्बो डिझेल, २ लाख ३० हजार किलोमीटर झालेली. दिवाळीपासून पहाटे चारला उठायचं नावच घेत नाही. आठ-दहा वेळा सेल्फ मारावा लागतो. मग एकदा खोकल्यासारखी धरते, पांढरा धूर सोडते (डोळे चुरचुरतात इतका) आणि मिनिटभर थरथरून मग नीट चालते. एकदा गरम झाली की दिवसभर तक्रार नाही. खाली परतवाड्याला रात्रभर उभी राहिली तर सकाळी दोन सेल्फमध्ये निघते, आमच्या गावातच रुसते.

व्हिडिओत बाहेरच्या देशातले ट्रकवाले रात्री इंजिनला वायर लावून ठेवतात ते पाहिलं. ऑनलाइन दोन ब्लॉक हीटर (इंजिनातलं कूलंट विजेवर गरम ठेवणारे) मागवले. मिस्त्रीने रेडिएटरचा खालचा होज पाइप कापून मध्ये एक बसवला. पहिल्या दिवशी गाडी पटकन निघाली, घरात सगळ्यांना आनंद झाला. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास जळका वास आला. जाऊन पाहतो तर होज वितळला होता आणि कूलंट खाली सांडलं होतं. त्याआधी माझ्या पुतण्याने दार उघडायला हात लावला, तर त्याला झटका बसला होता. मी म्हटलं थंडीमुळे वाटलं असेल.

दुसरा हीटर खोक्यात पडून आहे. तो बसवू का? की हा माल खराब आहे?

वायरमन_अचलपूर
२१ डिसेंबर, रात्री १०.०५

दादा, बसवू नका. आधी पुतण्याला बसलेल्या झटक्याचं बघू. तो थंडीचा नव्हता, करंट होता. हीटरच्या वायरीला पिन दोन होत्या की तीन? घरात अर्थिंग आहे का? आणि मल्टिमीटर असेल तर खोक्यातल्या हीटरच्या दोन पिनांमध्ये किती ओहम येतात ते सांगा. हीटरवर छापलेला आकडाही वाचून सांगा.

मोथ्याचा_दूधवाला
२१ डिसेंबर, रात्री १०.३०

मल्टिमीटर शेजारच्या पोराकडे होता. ३६ ओहम येतात. हीटरवर १२० आणि ४०० असे आकडे आहेत. पिना तीन आहेत, पण चपट्या, आपल्या बोर्डात बसत नाहीत. म्हणून मिस्त्रीने ती पिन कापून आपली दोन पिनांची लावली.

वायरमन_अचलपूर
२१ डिसेंबर, रात्री १०.५५

मग उत्तर तुमच्याच आकड्यात आहे. तो हीटर १२० व्होल्टचा, ४०० वॉटचा. अमेरिका-कॅनडात घरातली लाइन तेवढीच असते. आपली २३० ची. व्होल्ट दुप्पट झाले की वॉट चौपट होतात, कारण व्होल्टचा व्होल्टशी गुणाकार करून ओहमने भागायचं असतं. २३० गुणिले २३०, भागिले ३६, म्हणजे जवळपास १,४७० वॉट. ४०० वॉटच्या जिवात तुम्ही साडेतीन पटीहून जास्त घातलं. पहिल्या दिवशी गाडी झटकन निघाली ती त्यामुळेच, आणि दुसऱ्या दिवशी जळाला तोही त्यामुळेच. माल खराब नव्हता, आपल्या लाइनसाठी नव्हता.

आता झटका. तिसरी पिन अर्थिंगची होती आणि ती कापली गेली. हीटरची तार आतून फुटली की करंट कूलंटमध्ये येतो, तिथून इंजिनला आणि इंजिनवरून चासीला. गाडी रबरी टायरवर उभी, म्हणजे जमिनीत उतरायला वाट नाही. अख्खी पिकअप जिवंत तार होऊन उभी होती. दवाने ओल्या झालेल्या मातीवर उभं राहून कोणी दाराला हात लावला की वाट त्याच्या अंगातून. पोरगं वाचलं हे नशीब समजा.

कोणाला पुढे २३० व्होल्टचा हीटर लावायचाच असेल तर तीन पिनांचा प्लग, खरं अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) लागतो. यातलं एकही कमी असेल तर लावू नये. आणि एक. आपल्या खेड्यांत रात्री व्होल्टेज १६० वर आलं की ५०० वॉटचा हीटर अडीचशेसुद्धा देत नाही. मग लोक म्हणतात हीटर बिघडला. आधी बोर्डावरचं व्होल्टेज मोजा.

जिनिंगचा_जनरेटर
२२ डिसेंबर, सकाळी ७.१५

मी हिंगणघाटला जिनिंगमध्ये जनरेटर सांभाळतो, आधी एका दवाखान्यात होतो. ब्लॉक हीटर आपल्याकडे खरा दिसतो तो जनरेटरलाच, त्याला आम्ही जॅकेट हीटर म्हणतो. लाइट गेल्याबरोबर मशीनने लोड उचलावा म्हणून कूलंट कायम कोमट ठेवायचं. वायरमनदादांनी विजेचं सांगितलं, मी पाण्याचं सांगतो, कारण मी पाहिलेले बहुतेक हीटर पाण्याने मेले.

हीटरची कॉइल कूलंटमध्ये पूर्ण बुडालेली पाहिजे. होज कापून परत भरलं की आत हवेचा फुगा अडकतो. कॉइलचा जो भाग त्या फुग्यात राहिला तो काही मिनिटांत लाल होतो आणि फुटतो. म्हणून भरल्यावर इंजिन चालवून, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबून, हवा काढून, पातळी परत पाहिल्याशिवाय हीटरला वीज द्यायची नाही. दुसरं म्हणजे गरम पाणी वर चढतं. हीटर आडवा किंवा उलटा बसला तर पाणी फिरत नाही. होज चटका देतो आणि ब्लॉक थंडच राहतो.

पण दादा, मला खरं कोडं वेगळंच वाटतं. तुमच्याकडे पारा किती उतरतो? पाच-सहा? एवढ्या थंडीत धडधाकट डिझेल इंजिनाला ब्लॉक हीटर लागतच नाही. त्याच्यात हीटर आधीच बसवलेले आहेत, चार. हीटर प्लग, सुरू करताना सिलिंडर आतून तापवणारे. ते तपासले का?

खारपाण_पट्टा
२२ डिसेंबर, सकाळी ८.००

भाऊ, मी दर्यापूर तालुक्यातला. आमच्याकडचं पानी असं हाय का भांड्याले पांढरा थर धरते, रेडिएटरले कायले सोडन? माह्या ट्रॅक्टरचा रेडिएटर दोन डाव बंद पडला. मिस्त्रीनं खोलला तं नळ्यांत चुन्यासारखी खपली. हीटरच्या कॉइलवर तो थर बसला का आतली गरमी बाहेर निघत नाई, आन कॉइल आतल्या आत जळते. तवापासून बोरचं पानी म्या बंद केलं. कूलंट आन बॅटरीचं पानी निम्मं-निम्मं.

मले इचाराचं हाय, होज कापल्यावर तुमच्या मिस्त्रीनं कोनतं पानी भरलं?

मोथ्याचा_दूधवाला
२२ डिसेंबर, सकाळी ११.२०

नळाचं भरलं काका. कूलंट नंतर टाकू म्हणाला. नवा होज टाकताना सगळं काढून धुऊन भरतो.

हीटर प्लग तपासलेले नाहीत. डॅशबोर्डवर तो पिळाचा पिवळा दिवा लागतो आणि विझतो, म्हणून प्लग ठीक असतील असं धरून चाललो.

फौजी_एमटी
२२ डिसेंबर, दुपारी १.१०

मी सैन्यात एमटीला, म्हणजे गाड्यांच्या विभागात होतो, लेहच्या बाजूला दोन हिवाळे काढले. आता मोर्शीला शेती करतो. तिथली थंडी आणि आपली थंडी यांत काय फरक आहे ते सांगतो. तिथे शून्याच्या खाली २० आणि त्याहूनही खाली जातं. तिथे नुसतं इंजिन थंड होत नाही, टाकीतलं डिझेलच साजूक तुपासारखं थिजतं. डिझेलमध्ये मेण असतं, ते थंडीत सुटं होऊन फिल्टर बुजवतं. २०१९ च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलने लडाखसाठी पानिपत रिफायनरीतून खास डिझेल काढलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं. तिथे ब्लॉक हीटर, तेलाच्या चेंबरचा हीटर या गोष्टी चैनीच्या नाहीत.

आपल्याकडे नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंश होतं, तेव्हाही शहरातल्या डिझेल गाड्या सकाळी निघाल्याच. पंपावर हिवाळ्यात येणाऱ्या डिझेलची फिल्टरमधून वाहण्याची मर्यादा ६ अंश धरलेली असते, उन्हाळी डिझेलची १८. तुम्ही रोज भरता, रोज संपवता, म्हणजे टाकीत जुनं उन्हाळी डिझेल नसणार. जनरेटरवाल्या भाऊंशी मी सहमत आहे. रोग शोधा.

आणि परतवाड्यात निघते, गावात निघत नाही, हे तुम्ही लिहिलंत ते फार कामाचं आहे. चिखलदरा १,११८ मीटरवर. तिथली हवा खालच्यापेक्षा विरळ. डिझेल पेटतं ते फक्त हवा दाबून होणाऱ्या उष्णतेने. हवाच कमी आणि वर थंड, म्हणजे दाबल्यावर तापते ती कमी. खाली प्लग नसतानाही जेमतेम भागतं, वर भागत नाही. थंडीने तुमच्या गाडीचं जुनं दुखणं फक्त उघडं केलं.

घाटवळण
२२ डिसेंबर, दुपारी २.३०

एवढं कशाला? आमच्याकडे चेंबरखाली डिझेलचा बोळा पेटवतात, पाच मिनिटांत गाडी निघते. नाहीतर एअर फिल्टरमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारा.

जिनिंगचा_जनरेटर
२२ डिसेंबर, दुपारी ३.०५

भाऊ, दोन्ही करू नका, आणि कोणाला सांगूही नका. चेंबरखाली जाळ म्हणजे वर तेलाने माखलेलं इंजिन, डिझेलचे रबरी पाइप आणि वायरिंग. गाडी गोठ्याशेजारी उभी असेल तर गोठाही. स्प्रेमध्ये ईथर असतं. एखादा प्लग जरी तापलेला असला तरी ते पिस्टन वर यायच्या आधीच भडकतं. त्यात पिस्टन फुटलेला, कनेक्टिंग रॉड वाकलेला मी हाताने काढलाय. डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचंही तसंच. पंप आणि नोझलला वंगण डिझेलच देतं, रॉकेलने ते कमी होतं.

मोथेवाले दादा, आता प्लगकडे. पिळाचा दिवा लागला म्हणजे प्लग तापले असं नाही. तो दिवा टायमर पेटवतो आणि टायमरच विझवतो. चारही प्लग मेलेले असले तरी बहुतेक जुन्या गाड्यांत तो तसाच लागतो.

तपासायची सोपी रीत अशी. प्लगांच्या डोक्यांवरून एक धातूची पट्टी गेलेली असते, ती काढा. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब घ्या, एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी एकेका प्लगच्या डोक्याला. बल्ब लागला तर प्लगची कॉइल शाबूत, नाही लागला तर तुटलेली. मल्टिमीटरने चांगला प्लग साधारण एक ओहम दाखवतो, पण स्वस्त मीटरच्या वायरीच तीन-चार दशांश खातात, म्हणून बल्बच बरा. बॅटरीची वायर थेट प्लगला लावू नका. नव्या गाड्यांतले कमी व्होल्टचे प्लग त्याने जागेवर जातात. मध्ये बल्ब असला की करंट मर्यादेत राहतो.

मग पट्टीपर्यंत वीज येते का ते पाहा. बल्ब पट्टी आणि इंजिनमध्ये धरा, दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा. नाही लागला तर रिले किंवा जाड पट्टीचा फ्यूज गेलाय, प्लग बिचारे निर्दोष. आणि सेल्फ मारताना बॅटरीचं व्होल्टेजही बघा. साडेनऊच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी, तिचे टर्मिनल आणि इंजिन ते चासीची अर्थिंग पट्टी.

मोथ्याचा_दूधवाला
२३ डिसेंबर, सायंकाळी ६.४५

केलं सगळं. पट्टीला वीज येते. सेल्फ मारताना बॅटरी १०.२ च्या खाली गेली नाही. प्लगमध्ये २ आणि ४ नंबरला बल्ब लागला, १ आणि ३ ला नाही. म्हणजे अर्धं इंजिन रोज थंडच होतं. एवढे दिवस मी बॅटरीला शिव्या देत होतो.

परतवाड्याहून चार प्लग आणले. १, २ आणि ४ निघाले. ३ नंबर हलायला तयार नाही. मिस्त्री म्हणाला पाइप लावून जोर मारतो. मी थांबवलं. बरोबर केलं ना?

जिनिंगचा_जनरेटर
२३ डिसेंबर, सायंकाळी ७.२०

शंभर टक्के बरोबर. याच ठिकाणी लोकांचं मोठं नुकसान होतं. प्लग बोटाएवढा बारीक, टोकाला कार्बन जमून हेडमध्ये जाम झालेला. पाइप लावला की डोकं हातात आणि धड हेडमध्ये. मग हेड उतरवणं आलं. हजार रुपयांच्या कामाला हप्ता फेडावा लागेल इतका खर्च येतो.

घाई सोडा. आज गाडी फिरवून इंजिन पूर्ण गरम करा, अॅल्युमिनियम फुगलेलं असतानाच प्लग सुटतो. गंज सोडवणारं तेल प्लगच्या मुळाशी सोडा, रात्रभर मुरू द्या. उद्या परत गरम, परत तेल. १२ ची लांब गोटी (सॉकेट) आणि लहान रॅचेट घ्या, मोठा पाना घरीच ठेवा, म्हणजे जोर मारायचा मोह होणार नाही. सुटायच्या दिशेने किंचित, लगेच घट्ट करायच्या दिशेने किंचित, परत मागे. करकर आवाज आला की थांबा, तेल सोडा. एका बैठकीत पाव आटा सुटला तरी ते यश आहे. मी एकदा दवाखान्याच्या जनरेटरवर एका प्लगला चार दिवस दिले. डॉक्टर रोज विचारायचे झालं का, मी रोज म्हणायचो मुरतंय.

निघाल्यावर नवा प्लग लगेच ठोसू नका. भोकात कार्बन असतो. चारही प्लग बाहेर असताना तोंड बाजूला ठेवून सेल्फ एकदा मारा, कचरा बाहेर उडेल. मग आट्यांना अगदी थोडं कॉपर ग्रीस लावून प्लग हाताने फिरवत न्या, शेवटी रॅचेटने मनगटाच्या जोराने आवळा. खांद्याचा जोर लावायचा नाही.

मोथ्याचा_दूधवाला
२६ डिसेंबर, रात्री ८.३०

तिसऱ्या संध्याकाळी निघाला! शेवटचा आटा सुटला तेव्हा पुतण्या टॉर्च धरून उभा होता, त्याने आरोळी ठोकली. टोकाला काळ्या कोळशाची टोपीच होती. चारही नवे बसवले. होज नवा, कूलंट आणि बॅटरीचं पानी निम्मं-निम्मं, हवा काढली.

आज पहाटे फरक जमीन-अस्मानाचा. पांढरा धूर जवळपास गेला, थरथर गेली. पण तरी चार-पाच सेल्फ लागतातच. आधी काहीच धरत नाही, मग एकदम धरते आणि नीट चालते. हे काय राहिलं?

संत्र्याची_ताई_वरुड
२६ डिसेंबर, रात्री ९.१०

दादा, धूर नसताना नुसता सेल्फ फिरणं म्हणजे सिलिंडरला डिझेलच पोचत नाही. आमची संत्र्याची गाडी आंबिया बहाराच्या दिवसांत रोज पहाटे भरून निघते, दोन वर्षांपूर्वी अगदी हेच झालं होतं. मीच शोधलं, कारण मालक दिल्लीच्या फेरीवर होते आणि बागेत माणसं थांबलेली.

उद्या पहाटे सेल्फ मारायच्या आधी डिझेल फिल्टरवरचा हातपंप दाबा. घट्ट होईपर्यंत दाबा आणि मग सेल्फ मारा. पहिल्या सेल्फला निघाली तर रात्री डिझेल परत टाकीत उतरतंय, म्हणजे कुठून तरी हवा ओढली जातेय. हवा आत येते पण डिझेल बाहेर गळत नाही, म्हणून डाग दिसत नाही आणि मिस्त्री चकतात. फिल्टरनंतरच्या पाइपला थोडा वेळ पारदर्शक नळी जोडून बघा, बुडबुडे दिसतील. आमच्याकडे फिल्टरखाली पाणी काढायचा जो बोल्ट असतो, त्याची रबरी रिंग कडक झाली होती. थंडीत रबर आखडतं, दुपारी परत मऊ होतं, म्हणून दिवसा काहीच सापडत नव्हतं.

मोथ्याचा_दूधवाला
२७ डिसेंबर, सकाळी ६.५०

ताई, परतवाड्यातून लिहितोय. पहाटे पंप दाबला, सात-आठ दाबांनी घट्ट झाला, आणि पहिल्या सेल्फला गाडी निघाली. दूध सहा वाजून दहा मिनिटांनी उतरवलं. आता दुकानं उघडायची वाट बघत बसलोय. रिंग आणि फिल्टर दोन्ही घेतो.

खारपाण_पट्टा
२७ डिसेंबर, सकाळी ७.२५

रिंग घेतांना जुनी सोबत ने भाऊ, मापाची घ्या लागते. आन डिझेलले चालनारी माग, पान्याच्या नळाची देतीन तं महिन्याभरात फुगन.

मोथ्याचा_दूधवाला
२९ डिसेंबर, सकाळी ७.०५

नवी रिंग, नवा फिल्टर. काल आणि आज दोन्ही दिवस पंप न दाबता, चावी फिरवून पिळाचा दिवा विझेपर्यंत थांबलो आणि पहिल्या सेल्फला निघालो. आज अंगणात गाडीच्या टपावर दव गोठून पांढरं झालं होतं.

वायरमनदादा, खोक्यातला १२० व्होल्टचा हीटर परत पाठवायला टाकला. तुम्ही सांगितलंत म्हणून घराचं अर्थिंगही पाहिलं, तर खड्ड्यातली तार गंजून तुटलेलीच होती. रविवारी अचलपूरला येतोय, नवं अर्थिंग करायला काय सामान लागेल ते सांगून ठेवा.

वायरमन_अचलपूर
२९ डिसेंबर, सकाळी ८.३०

कॉपरचा रॉड, जाड तांब्याची वायर, क्लॅम्प, कोळसा आणि मीठ. सोबत ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी. खड्डा घराच्या ओलसर बाजूला, मोरीजवळ काढून ठेवा. येताना पुतण्यालाही आणा, त्याला टेस्टर धरायला शिकवतो.